निरोपाची सात घड्याळं

तेहेतीस वर्षं मी हजेरी घेतली. सांगलीच्या मराठी शाळेत आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवणाऱ्या बाईला एका गोष्टीची ददात कधीच नव्हती, ती म्हणजे विद्यार्थी. एकेका तुकडीत सत्तर. तिघांच्या बाकावर चौघं आणि पाचवा दप्तरासह खिडकीच्या कट्ट्यावर. विद्यार्थी मिळवण्यासाठी काही करावं लागतं हे मला माहीतच नव्हतं. आमचा सगळा प्रश्न मिळालेले विद्यार्थी पाचव्या तासापर्यंत टिकवण्याचा होता, आणि तो मागच्या भिंतीची उंची वाढवून संस्थेने सोडवला होता.

२०२१ च्या फेब्रुवारीत, अंतराअंतराने खुर्च्या मांडून आणि तोंडाला मास्क लावून, माझा निरोप समारंभ झाला. मला सात घड्याळं मिळाली. स्टाफकडून एक, संस्थेकडून एक, पतपेढीकडून एक, पालकांकडून एक, माजी विद्यार्थ्यांच्या दोन गटांकडून दोन (या गटांचं आपसात पटत नाही), आणि एक कुणाचं ते अजून कळलेलं नाही. त्याच्या खोक्यावर 'चि. सौ. कां.' एवढंच वाचता येतं, म्हणजे ते कुठल्या तरी लग्नातून फिरत फिरत आलं असावं. नोकरीभर ज्याला वेळ मिळाला नाही, त्याला जाताना भिंतीवर टांगायला वेळ द्यावा अशी आपल्याकडे पद्धत आहे. आमचे हे वीज खात्यातून माझ्याआधी निवृत्त झाले तेव्हा त्यांना चार मिळाली होती. ती त्यांनी पुतण्या-भाच्यांच्या लग्नांत खपवली. माझी सात माळ्यावर गेली.

शेवटचं वर्ष मी मोबाइलवर शिकवलं होतं. पडद्यावर सत्तर चौकोन, त्यातले अडुसष्ट काळे. उरलेल्या दोघांपैकी एकाच्या घरी छताचा पंखा दिसायचा आणि दुसऱ्याच्या घरी म्हैस. या अनुभवाच्या जोरावर आमच्या सूनबाईंनी हिंजवडीहून फोनवर जाहीर केलं, "आई, तुम्ही ऑनलाइन शिकवा. जगभर लोक इंग्रजीसाठी नुसते तडफडताहेत."

"मग त्यांना माझा पत्ता दे," मी म्हटलं.

"असं नसतं आई. तुमचा प्रोफाइल करावा लागेल. फोटो, माहिती, दोन मिनिटांचा व्हिडिओ. मग ते तुम्हाला पाहतील. आवडलात तर ट्रायलचा एक तास घेतील. पटलं तर पुढे."

मला हे सगळं फार ओळखीचं वाटलं. फोटो, माहिती, पाहतील, पटलं तर पुढे. अकरा वर्षांपूर्वी आम्ही मिरजेला याच मुलीला पाहायला गेलो होतो. पोह्यांत शेंगदाणे जरा जास्त होते. मीच तिला, सासूच्या नाही तर परीक्षकाच्या आवाजात, विचारलं होतं, "इंग्रजी कसं आहे तुझं?" तिने ते लक्षात ठेवलं होतं. आता तिने माझा बायोडाटा लिहायला घेतला. 'स्वभाव मनमिळाऊ' हे मी घातलेलं तिने काढलं. 'वाचनाची आवड' राहू दिलं. 'शिस्तप्रिय' यावर मात्र बराच वेळ फोनवर शांतता होती. शेवटी ती म्हणाली, "आई, हे पैसे देऊन येणार आहेत. त्यांना ओणवं उभं करता येणार नाही."

व्हिडिओचे सतरा प्रयत्न झाले. पहिल्यात मागे स्टीलचे डबे दिसत होते. दुसऱ्यात डबे हलवले तर त्यामागचं देवघर दिसायला लागलं. तिसऱ्यात ह्यांनी "अगं, गॅस बंद केलास का?" असं विचारलं. आणि सगळ्यांत सूनबाईंची एकच सूचना, "आई, हसा ना." तेहेतीस वर्षं मी वर्गात न हसण्याचा सराव केला आहे. बाई हसल्या की मागचे बाक हातातून गेले, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. तो असा दोन मिनिटांत मोडायचा म्हणजे गालांना त्रास होतो. सतराव्या प्रयत्नात मी हसले. तो व्हिडिओ पाहून ह्यांनी विचारलं, "दाढ दुखतेय का?"

फॉर्ममध्ये एक रकाना होता: इंग्रजी ही तुमची मातृभाषा आहे का? मी खरं ते लिहिलं. मातृभाषा मराठी. सूनबाईंनी डोक्याला हात लावला असणार, पण फोनवर तो दिसत नाही. या बाजारात मातृभाषेचं तेच महत्त्व आहे, जे लग्नाच्या बाजारात गोऱ्या रंगाचं. दक्षिण कोरियाच्या शाळा-क्लासांत इंग्रजी शिकवायला जायचं तर त्यासाठीचा नेहमीचा व्हिसा मिळतो सात देशांच्या नागरिकांना: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. सात देशांची सात घराणी. त्यात जन्म घेतला असेल तर व्याकरण येवो न येवो. माझा जन्म तासगावचा. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला मी वडिलांच्या मांडीवर बसून घोकली, रेन अँड मार्टिनची तीन पुस्तकं वापरून फाडली. पण मॅकॉलेसाहेबाने १८३५ मध्ये या देशाला इंग्रजी शिकवायचं ठरवलं तेव्हा पुढे हाच देश ते परत विकायला निघेल, याची काही तरतूद त्याने केलेली दिसत नाही.

दर तासाला पाच डॉलर ठेवला. पहिल्या तासाचे पैसे सगळेच्या सगळे मध्यस्थ कंपनीचे. वधूवर सूचक मंडळ परवडलं. ते निदान चहा पाजतं.

सूनबाईंचा अभ्यास असा होता की खरा बाजार चीनचा. तिथले आईबाप लेकरांसाठी परदेशी मास्तर लावतात, पाच-सहा वर्षांच्या पोरांना रोज संध्याकाळी पडद्यासमोर बसवतात. मी तयारीला लागले. कापडी कुत्रा, कापडी मांजर, फळांची चित्रं जमवली. 'ॲपल' म्हणताना कुत्र्याने मान हलवायची असते. आणि २०२१ च्या जुलैत चीन सरकारने फर्मान काढलं: शाळकरी मुलांवरचा शिकवण्यांचा भार कमी करायचा, शालेय विषयांच्या शिकवण्यांतून कुणी नफा काढायचा नाही, आणि परदेशात बसलेल्या शिक्षकांनी या मुलांना शिकवायचं नाही. हजारो शिक्षकांचे वर्ग त्या एका फर्मानाने उठले. माझा तर भरलाही नव्हता. बोलणी व्हायच्या आत सोयरीक मोडली. खाजगी क्लासवाल्यांना असं एका रात्रीत घरी बसवता येतं, हे वाचून मी मात्र मनातल्या मनात त्या सरकारला एक नमस्कार केला. तेहेतीस वर्षं माझा अर्धा वर्ग क्लासात झोपायचा नाही, म्हणून शाळेत झोपायचा.

मग तीन आठवडे कुणी आलं नाही. मी रोज संध्याकाळी लॅपटॉप उघडून बसायची. ह्यांनी सुचवलं, "एसटी स्टँडवर बोर्ड लावू का? लोक बाहेरगावचेच असतात."

पहिले विद्यार्थी आले ते योकोहामाचे आजोबा. वय ७१. सकाळी नऊची वेळ त्यांनी घेतली. त्यांचे नऊ म्हणजे आमचे पहाटेचे साडेपाच. मी काकड आरतीला उठावं तशी उठले, साडी नेसले, केसांना पाणी लावलं. पडद्यावर ते आधीच येऊन बसलेले, कोट घालून. त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला. मीही वाकले. त्यांना वाटलं मी अजून खाली गेले, म्हणून ते आणखी वाकले. आता दोघांच्याही पडद्यावर नुसते भांग दिसत होते. पंचवीस मिनिटांच्या तासातली दोन मिनिटं यात गेली.

आजोबांची कथा ऐकून मला भरून आलं. टोकियोच्या ऑलिंपिकला जगभरचे लोक येणार, त्यांना वाट दाखवायची, म्हणून त्यांनी निवृत्तीनंतर इंग्रजी शिकायला घेतलं. २०२० चं ऑलिंपिक एक वर्ष पुढे गेलं. ते आणखी एक वर्ष शिकले. आणि २०२१ मध्ये परदेशी प्रेक्षकांना यायलाच बंदी. वाट विचारायला एक माणूस आला नाही. पण शिकलेलं वाया कसं घालवायचं, म्हणून ते आता वाट मला दाखवतात. योकोहामाच्या स्टेशनावरून बंदरापर्यंत कसं जायचं, हे मला सांगलीच्या मारुती चौकापेक्षा चांगलं पाठ झालं आहे.

पहिल्याच तासाला ते म्हणाले, "आय लिव्ह इन अ स्मॉल मॅन्शन." मी मनात म्हटलं, माणूस विनयी आहे, वाडा असूनही लहान म्हणतो. पुढच्या तासाला कळलं की जपानीत 'मान्शोन' म्हणजे साधा फ्लॅट. मग म्हणाले, नातवंडांबरोबर रविवारी 'व्हायकिंग'ला गेलो होतो. मला वाटलं सिनेमा. तर ते म्हणजे बुफे जेवण. १९५८ मध्ये टोकियोच्या इम्पीरियल हॉटेलने पैसे भरा आणि हवं तेवढं वाढून घ्या अशी पंगत काढली, तिचं नाव ठेवलं इम्पीरियल व्हायकिंग. तेव्हापासून तिकडे बुफे म्हणजे व्हायकिंग. आपल्याकडच्या लग्नात पनीरच्या काउंटरवर जे चालतं ते पाहता हे नाव आपणही घ्यायला हरकत नाही.

जपानीत ल आणि र वेगळे नाहीत. 'राइस' आणि 'लाइस' यांतला फरक मी आजोबांना महिनाभर शिकवला. जीभ कुठे लावायची याचं चित्र काढून दाखवलं. एक दिवस त्यांनी अतिशय नम्रपणे, दोनदा क्षमा मागून, विचारलं की आपण 'व्हाइन' आणि 'वाइन' दोन्ही एकसारखं का म्हणता? मी आरशासमोर जाऊन म्हणून पाहिलं. खरंच एकसारखं. मराठीत आपण एकीला व्ह लिहितो, दुसरीला व, आणि बोलताना त्या दोघींना एकाच रिक्षात बसवतो. तर्खडकरांपासून आजवर कुणी हे मला सांगितलं नव्हतं. आता आमची वाटणी झाली आहे: सोमवारी त्यांची जीभ, गुरुवारी माझे ओठ. पैसे मात्र दोन्ही दिवशी तेच देतात.

आजोबांनी मला पाच तारे दिले. ताऱ्यांचं मी तुम्हाला सांगितलंच नाही. तास संपला की विद्यार्थी मास्तरला एक ते पाच तारे देतो आणि शेरा लिहितो. मी आयुष्यभर लाल शाईने लोकांना शेरे दिले, 'अक्षर सुधारा', 'पालकांना घेऊन येणे', आणि साठीच्या उंबरठ्यावर माझ्या प्रगतिपुस्तकाला सुरुवात झाली. जर्मनीतल्या एकाने ट्रायलनंतर लिहिलं, 'शिक्षिका उत्तम, पण रेल्वे स्टेशनजवळ राहतात. दर पाच मिनिटांनी शिट्टी ऐकू येते.' आमचं स्टेशन चांगलं लांब आहे. तो तुरीच्या डाळीचा कुकर होता. तारे तीन. त्यानंतर आमच्याकडे तासाच्या वेळी वरण-भात होत नाही, आणि ह्यांनी जर्मनीचा सूड म्हणून मॅगी करायला शिकून घेतलं. मॅगी मूळची स्वित्झर्लंडची हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, शेजारीच आहे.

कोरियाचं स्थळ आईमार्फत आलं. मुलगी अकरावीतली, आणि तिच्या शेजारी कॅमेऱ्याबाहेर आई. आईचा चेहरा मी सहा महिन्यांत पाहिला नाही. फक्त डावा गुडघा दिसायचा. मुलगी चुकली की गुडघा हलायचा. तिकडे नोव्हेंबरात विद्यापीठ प्रवेशाची मोठी परीक्षा असते. त्या दिवशी इंग्रजी ऐकण्याच्या चाचणीची सुमारे ३५ मिनिटं देशभर विमानं उतरत नाहीत, उडत नाहीत. जी वर असतात ती वरच घिरट्या घालतात. मुलीने हे सांगितलं तेव्हा मी चष्मा काढून ठेवला. माझ्या दहावीच्या केंद्रावर इंग्रजीच्या पेपरला शेजारच्या मंगल कार्यालयातून सनई, बँड आणि 'वधूचे मामा लवकर या' ही घोषणा तीन तास चालू होती, आणि मागच्या भिंतीवरून (वाढवलेल्या) चिठ्ठ्या आत येत होत्या. विमान थांबवण्याचा विचार आमच्या डोक्यात आला नाही. आम्ही वरातीतल्या घोड्याला जरा पुढे घ्या म्हणालो, तर घोडेवालाच माजी विद्यार्थी निघाला आणि पाया पडायला आत आला.

स्पेनच्या विद्यार्थ्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. वालेन्सियाचा बँकेतला मनुष्य. 'स्कूल'ला 'एस्कूल' म्हणायचा. त्या अर्थाने तो मला कानपूरचा वाटायचा. पण त्याच्यापायी माझ्या आयुष्यात पहिली गैरहजेरी लागली. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी बहुतेक देशांतले लोक घड्याळ एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. मला कुणी सांगितलं नव्हतं. त्याचे तीन म्हणजे आमचे साडेसात, हे मी वहीत लिहून ठेवलं होतं. रविवारनंतर ते साडेसहा झाले. मी साडेसातला केस विंचरून हजर, आणि तो तासभर बसून निघून गेलेला. शेरा: 'शिक्षिका आल्या नाहीत.' तेहेतीस वर्षांत, महापुरात सुद्धा, बोटीतून उतरून मी सही केली होती!

त्या रात्री ह्यांनी माळ्यावरून सातही घड्याळं खाली काढली. दिवाणखान्याच्या एका भिंतीवर रांगेने खिळे ठोकले. खाली खडूने नावं लिहिली: जपान व कोरिया (दोघांची वेळ एक, तेवढीच एका घड्याळाची बचत), तुर्कस्तान व सौदी (तेही एकच), स्पेन, ब्राझील, व्हिएतनाम, आणि आपलं. सातवं ते 'चि. सौ. कां.'वालं. ह्यांना एसटी चुकायची भीती, म्हणून ते त्यांनी मुद्दाम पंधरा मिनिटं पुढे लावून ठेवलं. नंतर पोखऱ्याचा एक ट्रेकिंगवाला विद्यार्थी म्हणून आला, आणि नेपाळ आपल्यापुढे बरोबर पंधरा मिनिटं असतो हे कळलं. त्याच्यासाठी काटा हलवावाच लागला नाही. आता घरी येणारा प्रत्येक जण ती भिंत पाहून विचारतो, "घड्याळांचं दुकान काढलं का?"

रियाधचा इंजिनिअर रविवारी येतो. तिकडे २०१३ पासून शुक्रवार-शनिवार सुट्टी, रविवारी कामाचा आठवडा सुरू. जपानचा शनिवार मोकळा, म्हणून आजोबांचा जादा तास शनिवारी. ब्राझीलला कधीही. सगळ्या जगाच्या सुट्ट्यांची बेरीज केली की माझी सुट्टी शून्य येते. इंजिनिअरच्या अरबीत प नाही, त्यामुळे तो 'बेब्सी' पितो, 'बीत्झा' खातो. पहिल्या दिवशी त्याने उशीर झाल्याबद्दल माफी मागितली, म्हणे 'बार्किंग'ला जागा मिळत नव्हती. मी म्हटलं असेल, ज्याची त्याची गरज. व्हिएतनामची मुलगी शब्दाचं शेवटचं व्यंजन गिळते. 'नाइस हाउस'मधून तिने दोन्ही स काढून टाकले की जे उरतं ते कुत्र्याने रात्री काढलेल्या आवाजासारखं वाटतं. पण तिच्या भाषेत एकाच शब्दाचे सहा सूर आणि सहा अर्थ. तिने मला 'मा' सहा प्रकारे म्हणून दाखवलं. मला सहाही वेळा आई आठवली.

अंताल्याच्या हॉटेलातली स्वागतिका मात्र आमच्या घरातली झाली. तुर्की भाषेत हवेला हवा म्हणतात, साबणाला साबुन, दुकानाला दुक्क्यान, फायद्याला फायदा. ठीक आहे असं म्हणायचं तर 'तमाम'. फारसी-अरबीच्या एकाच गोदामातून दोन्हीकडे माल गेलेला. मी तिला पाहुण्याचं नाव कसं विचारायचं ते शिकवलं: "व्हॉट इज युवर गुड नेम, सर?" तिने ते मँचेस्टरच्या एका म्हाताऱ्याला विचारलं. तो काउंटरवर कोपर टेकून पाच मिनिटं हसला आणि म्हणाला, पोरी, तू मुंबईला कधी होतीस? ती मला विचारू लागली, यात काय चुकलं? मी सांगितलं, काही नाही, आमच्यात नुसतं नाव विचारत नाहीत, शुभ नाव विचारतात. अशुभ असेल तर ते ज्याचं त्याने ठेवावं. तिला हे इतकं पटलं की ती आता सगळ्यांना तसंच विचारते. इंग्रजांच्या देशात जी चूक ठरते ती भूमध्य समुद्राकाठी माझ्यामुळे चाल झाली, याचा मला जो अपराधी भाव वाटायला हवा तो वाटत नाही.

आणि ब्राझीलची नर्सबाई. बेलो ओरिझोंतीची, दोन मुलांची आई, आयर्लंडला नोकरीला जायचं म्हणून शिकणारी. रात्रपाळी संपवून सकाळी आठला घरी येते, कॉफी घेते आणि माझ्यासमोर बसते. आमच्याकडे तेव्हा साडेचार, मीही चहा घेऊन. तिचं इंग्रजी असं की प्रत्येक शब्दाच्या शेवटी एक इ चिकटते. फेसबुक म्हणजे 'फेसीबुकी'. एकदा म्हणाली, "आय प्रिटेंड टु गो टु आयर्लंड." मला वाटलं ही नवऱ्याला फसवतेय. तर पोर्तुगीजमध्ये 'प्रेतेंदेर' म्हणजे इरादा असणं. तिकडे दारावर लिहिलेलं असतं 'पुशी', असं ऐकू येतं, आणि त्याचा अर्थ ओढा. आयर्लंडमधल्या दवाखान्याच्या दारासमोर या बाईचं काय होणार, या चिंतेने मी एक पूर्ण तास दार या विषयावर घेतला.

एका संध्याकाळी वीज गेली. (वीज खात्याचा निवृत्त माणूस घरात असला की ती जास्त वेळ जाते, कारण तो फोन करून कारण विचारत बसतो.) मी मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात आले, खिडकीपाशी उजेड होता. नर्सबाईंनी माझ्या हातातली वस्तू पाहून विचारलं, हे काय? मी म्हटलं, पोटॅटो, मराठीत बटाटा. ती किंचाळली. "बताता!" मग आम्ही दोघी सुटलो. मी चावी दाखवली. ती म्हणाली, 'शावी'. साबण दाखवला; 'साबाँव'. बालदी दाखवली, 'बाल्दी'. पगार म्हटलं, तिच्याकडे 'पगार' म्हणजे पैसे देणं, आणि माझ्याकडे पैसे मिळणं, म्हणजे दोघींच्या मध्ये तोच शब्द उभा. नाताळ म्हटलं, 'नाताल'. काजूची बरणी दाखवली तर ती अभिमानाने म्हणाली, हे झाड आमचं. खरंच आहे, काजू मूळचा ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी तो गोव्यात आणला, आणि आज वेंगुर्ल्याचा माणूस तो आपला म्हणून पुण्याच्या पाहुण्यांना महागात देतो. शेवटी मी मागच्या दारी जाऊन घमेलं आणलं. तिच्या आजीच्या घरी लाकडाचं असायचं, म्हणाली, 'गामेला'. डोळे पुसत होती. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसईहून पोर्तुगीजांना घालवलं, पण घमेलं ठेवून घेतलं, म्हणून आज या दोन बायकांचा तास झाला. त्या पाऊण तासात आम्ही इंग्रजीचा एक शब्द शिकलो नाही. तिने पाच तारे दिले आणि शेऱ्यात लिहिलं, 'फार प्रगती झाली.'

तिच्या प्रत्येक निरोपाच्या शेवटी 'बेजूस' असतं. म्हणजे मुके. तिकडे ते 'कळावे, लोभ असावा' इतकंच आहे, असं मी ह्यांना दोनदा समजावलं. ह्यांचं म्हणणं, मग वीज खात्याच्या पत्रव्यवहारात ते का नव्हतं.

मीही तिला काही दिलं. एकदा तिला तास लवकर हवा होता आणि शब्द सापडत नव्हता. मी म्हटलं, प्रीपोन म्हण. तिने शब्दकोश पाहिला. मी तिला समजावलं: पोस्टपोन म्हणजे पुढे ढकलणं, मग अलीकडे ओढायला शब्द नको? इंग्रजांना तो सुचला नाही, कारण इंग्रज काहीच वेळेआधी करत नाही. आपल्याकडे साखरपुड्यातच लग्न उरकतात, तेव्हा गरज पडली. आता तो इंग्रजांच्या मोठ्या कोशातही गेला आहे. तिने वहीत लिहून घेतला. त्या आठवड्यात मी तिला कचेरीतलं पत्र शिकवत होते, तेही ह्यांच्या जुन्या फायली समोर ठेवून.

परवा रात्री तीनला मोबाइल वाजला. ह्यांनी आधी चष्मा लावून ब्राझीलच्या घड्याळाकडे पाहिलं, तिथे संध्याकाळचे साडेसहा होते, मग मोबाइल घेऊन मोठ्याने वाचलं:

"रिस्पेक्टेड टीचर, ड्यू टु चेंज इन ड्यूटी, काइंडली प्रीपोन द क्लास बाय वन अवर अँड डू द नीडफुल. बेजूस."

हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ही आयर्लंडला कशाला जाते? आमच्या खात्यात हेडक्लार्क झाली असती." आणि उठून स्टूल ओढलं, वर चढले, आणि ब्राझीलचं घड्याळ एक तास पुढे करून ठेवलं.